डबडूच्या आत कोण होतं

मला रागीट म्हणतात ते काही खोटं नाही. स्टुडिओत माझं नावच मिरची पडलंय. पण रागीट माणूस भसकन पेटतो आणि लगेच विझतो अशी जी समजूत आहे ना, ती माझ्या बाबतीत कोणी धरू नये. मी दोन वर्षं राग जपून ठेवला. रोज सकाळी त्या माणसाला हसून 'गुड मॉर्निंग सर' म्हटलं, त्याच्या पुचाट विनोदांना दाद दिली, त्याच्या वाढदिवसाला टाळ्यासुद्धा वाजवल्या. घरी आले की दात घासताना आरशात बघून म्हणायचे, थांब लेका, तुझी वेळ येऊ दे.

हा माणूस म्हणजे आमच्या मालिकेचा दिग्दर्शक. पाठीमागे आम्ही त्याला सर्वज्ञ म्हणायचो, कारण कॅमेऱ्यापासून चहातल्या साखरेपर्यंत सगळ्यातलं सगळं त्यालाच कळायचं. मालिका अंतराळातली. नव्या ग्रहाच्या शोधात निघालेलं एक खटारा यान आणि त्यात दुरुस्तीची कामं करणारा डबडू नावाचा यंत्रमानव. नऊ वर्षं चालली. यान, ग्रह, लढाया लोक विसरतील, पण डबडूला विसरणार नाहीत. पत्र्याचं गोल पोट, डोळ्यांच्या जागी दोन दिवे, आणि अंधाराची भयंकर भीती. तरीही कोणी मागे राहिलं की अंधारात परत जाणारा तोच. शत्रूचा माणूस अडकला तरी जायचा. यानाची कप्तान चिडून म्हणायची, "अरे, त्याने आपलं कोठार जाळलं." डबडू म्हणायचा, "जाळलं खरं. पण आता त्याला दार सापडत नाहीये."

या असल्या ओळींवर पोरं जीव टाकायची. मोठी माणसंही डोळे पुसायची. मी मात्र त्या ओळी माइकसमोर म्हणता म्हणता मनात म्हणायचे, कशाला जातोस बाबा, राहू दे की तिथेच.

कारण डबडूचा आवाज माझा. आणि चाल माझ्या दादाची. सख्खा मोठा भाऊ माझा. तो त्या पत्र्यात शिरायचा. डोळ्यांत दिवे बसवलेले असल्यामुळे आतल्याला काही म्हणजे काही दिसत नाही, बाहेरचं धड ऐकूही येत नाही. म्हणून त्याच्या कानात माझा आवाज. माझ्यासमोर दोन माइक असतात. मोठ्यातून डबडू जगाशी बोलतो, छोट्यातून मी फक्त आतल्या माणसाशी, तेही बटण दाबलं तरच. त्यावर शब्दही मोजकेच: डावीकडे, उजवीकडे, अजून, बस. 'अजून' म्हटलं की चालत राहायचं आणि 'बस' ऐकल्याशिवाय थांबायचं नाही. पायाने चाचपायचं तर मुळीच नाही. चाचपलं की डबडू संपला, आत माणूस आहे हे पोरांना कळतं. दादाने कधीच चाचपलं नाही. पाऊल टाकायच्या आधी तो मान जराशी डावीकडे कलती करायचा, कारण त्याचा डावा कान चांगला आणि त्याला माझं ऐकायचं असायचं. लोकांना वाटलं, ही डबडूची लकब. गल्लोगल्ली पोरं मान कलती करून चालायला लागली. दादा ते बघून लाजायचा.

आत कोण आहे हे बाहेर सांगायचं नाही, हा मालिकेचा नियम होता. मुलांचा विश्वास मोडू नये म्हणून. नियम चांगलाच होता. तो पुढे कोणाच्या पथ्यावर पडणार हे आमच्या ध्यानीमनीही नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी उंच पुलाचं दृश्य करत होतो. सर्वज्ञाला घाई झाली होती. "तुमचे भावाबहिणीचे लाड फार वेळ खातात, आण इकडे," म्हणत त्याने छोटा माइक माझ्या हातातून काढून घेतला. 'अजून' म्हणाला. पुन्हा 'अजून' म्हणाला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि त्याने तो घेतला. पाठ फिरवून कोणाशी तरी हसत बोलत राहिला. दादा चालत राहिला. मी बोंबलले, पण त्या पत्र्यात काय ऐकू जाणार कपाळ.

कंबर मोडली, मांडी मोडली. एवढ्यावर भागलं असतं तर मी कदाचित देवाला दोष देऊन गप्प बसले असते. पण सर्वज्ञाने एकूणएक स्टुडिओत सांगितलं, "मी वेळेवर 'बस' म्हणालो होतो, हाच पिऊन आला होता." माझा दादा. जो खोकल्याचं औषध घेतानाही तोंड वाकडं करतो. छोट्या माइकवरचं रेकॉर्ड होत नाही. मी सांगत सुटले तर लोक म्हणाले, बहीणच ती, ती दुसरं काय म्हणणार. ज्यांनी कानांनी ऐकलं होतं त्यांनी मूग गिळले. दिवे सांभाळणारे आमचे बत्तीकाका त्यातलेच. मालिकेत त्यानंतर डबडू नुसता उभा असायचा, चालताना जुनंच चित्रण दाखवायचे. आणि दादा काम मागायला जिथे जाईल तिथे त्याची दारू त्याच्या आधी पोचलेली असायची. तो घरी येऊन म्हणायचा, "जागा भरली होती गं त्यांची." मी भाजी चिरत असले तर माझ्या हातून सुरी सुटायची.

मी तिथेच काम करत राहिले म्हणून नातेवाइकांनी मला नावं ठेवली. ठेवू देत. मी सोडून गेले असते तर त्याची जिरवणार कोण होतं?

मालिकेचा शेवटचा भाग नाट्यगृहात, दुपारच्या वेळी, प्रेक्षकांसमोर थेट करायचं ठरलं. सर्वज्ञाने मला खोलीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"शेवटी रिकाम्या यानात डबडू एकटाच उरतो," तो म्हणाला. "तो पुढे येतो, पोरांचा निरोप घेतो आणि डोकं काढतो. आत मी."

"तुम्ही, सर?"

"लोकांना वाटू दे की इतकी वर्षं मीच होतो. तसा डबडूचा आत्मा मीच ना गं."

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. पाय घेतले, नाव घेतलं, आता उरलेलं तेवढंही हा घेणार होता. दादा अजूनही रस्त्यात मान कलती करून चालणारं पोर दिसलं की थांबून बघतो. तेवढंच त्याच्याकडे उरलंय.

"छान कल्पना आहे, सर," मी म्हणाले. "मी नेते तुम्हाला पुढे. काळजीच करू नका."

त्याने केली नाही. मिरचीचा तिखटपणा उतरला असंच तो धरून चालला होता. स्वतः पत्र्यात शिरणार, तेही माझ्या भरवशावर. एवढा मूर्खपणा सर्वज्ञच करू जाणे.

नाट्यगृहाचा रंगमंच उंच होता आणि त्याच्यासमोर वादकांसाठी खोल खळगा. त्या दिवशी रिकामा. आदल्या दिवशी मी काठावर उभी राहून खाली बघून आले. पुलाइतका खोल नव्हता, पण माझं काम भागण्यासारखा होता. एक 'बस' म्हणायचं विसरायचं, बास. विसरतं की माणूस. तोही विसरलाच होता.

दादाला मी येऊ नको म्हणून बजावलं होतं. तर हा बाबा काठी टेकत टेकत हजर. माझी जागा प्रेक्षकांच्या मागे, वर, काचेच्या खोलीत. तिथे मी आणि बत्तीकाका. बत्तीकाकांनी मुकाट्याने आपली खुर्ची दादाला दिली. दोन वर्षांत त्यांनी दादाच्या डोळ्याला डोळा भिडवला नव्हता. तेव्हाही भिडवला नाही.

खेळ रंगला. शेवटचं दृश्य आलं. रिकामं यान, आणि मधोमध डबडू. पोशाख सांभाळणाऱ्या आमच्या शिवणबाईने त्याच्या डोक्याच्या मागचे खटके लावून दिले होते. हातांत पत्र्याचे जाड मोजे असल्याने ते आतल्याला उघडता येत नाहीत. नंतर तिनेच येऊन उघडायचे असं ठरलं होतं.

"अजून," मी छोट्या माइकवर म्हणाले.

सर्वज्ञ चालायला लागला. मान ताठ. पाऊल दाणदाण. हजार वेळा तीच चाल बघूनही त्याला ती दिसली नव्हती. पुढच्या रांगेतली एक मुलगी आईला मोठ्याने म्हणाली, ते रंगमंचावरच्या माइकमधून वर आम्हालाही ऐकू आलं, "डबडूला बरं नाहीये का?"

"अजून."

दादाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "कुठे नेतेस त्याला?"

"तू गप्प बस."

"मिरचे, तुझा आवाज मी इतकी वर्षं कानात घेऊन चाललोय. तुझ्या मनात 'बस' नाहीये. कळतं मला."

"अजून," मी म्हणाले. काठ जवळ आला होता. माझा आवाज लोण्यासारखा मऊ होता. "पडू दे. कसं लागतं ते त्यालाही कळू दे."

"तो नाही पडणार गं," दादा म्हणाला. "आत कोण आहे ते या पोरांना कुठे माहीत आहे? त्यांच्यासमोर डबडू पडेल."

त्या क्षणी मला दादाचा जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कोणाचा आला नसेल. सर्वज्ञाचाही नाही. दोन वर्षं गिळलेलं सगळं घशाशी आलं होतं, आणि हा शहाणा त्या पत्र्याच्या बाहुल्याची काळजी करत बसला होता. पण मी खाली बघितलं. सगळी पोरं पुढे सरकून, तोंडं उघडी टाकून त्याच्याकडे बघत होती.

"बस," मी म्हणाले. दातओठ खाऊन म्हणाले, पण म्हणाले.

डबडू थांबला. एक पाऊल अर्धं काठाबाहेर होतं.

वाचला. पण सुटला, असं कोणी समजू नये. मी मोठा माइक ओढला. आता डबडूने निरोपाचं भाषण करायचं होतं. भाषण सर्वज्ञानेच लिहिलं होतं आणि त्याला तेच चाललंय असं वाटत असणार, कारण आत त्याला सगळं गुणगुणल्यासारखंच ऐकू येत होतं.

"पोरांनो," डबडू म्हणाला, "आज मी वेगळा चाललो ना?"

"हो," सगळं नाट्यगृह म्हणालं.

"कारण आज माझ्या आत पाहुणा आहे. मला इतकी वर्षं ज्याने चालवलं तो वेगळा. एक दिवस आमच्या दिग्दर्शकांनी त्याला चालायला सांगितलं आणि 'बस' म्हणायच्या वेळी ते फोनवर बोलत बसले. म्हणून तो पडला. मग म्हणाले, तो प्यायला होता. खोटं आहे ते. तो प्यायला नव्हता. तो आज वर बसलाय, काचेच्या खोलीत."

मी बत्तीकाकांकडे वळले, पण सांगायची गरज पडली नाही. म्हाताऱ्याने मोठा दिवा केव्हाच आमच्याकडे फिरवला होता. दादाचे डोळे दिपले. त्याला काही समजेना. "काय म्हणालीस?" असं तो मला विचारत होता, आणि माझं ऐकायला त्याने मान जराशी डावीकडे कलती केली.

ती मघाची मुलगी मागे वळून खुर्चीवर उभी राहिली. "तोच आहे," ती ओरडली.

मग काय विचारता. सगळं नाट्यगृह रंगमंचाकडे पाठ करून आमच्याकडे बघत टाळ्या वाजवायला लागलं. पोरं माना कलत्या करून उड्या मारत होती. दादाने चेहरा हातांनी झाकून घेतला. मी रडले का, तर हो, रडले. लपवायचंय काय त्यात.

आणि रंगमंचावर काय चाललं होतं माहीत आहे? टाळ्यांचा गडगडाट पत्र्यातूनही पोचला असणार, कारण सर्वज्ञाने हात वर केला होता. लोकांच्या पाठींना तो हात हलवून अभिवादन करत होता. मी त्याला मनसोक्त हलवू दिला. मग छोटा माइक तोंडाशी घेतला.

"सर, या टाळ्या तुमच्या नाहीत. दादाच्या आहेत. सगळ्यांना सगळं सांगून झालंय."

हात खाली आला.

"आणि तुम्ही काठावर उभे आहात. अगदी काठावर. हलू नका."

तो पुतळा झाला. मग पत्रा कसा थरथरायला लागला ते इतक्या वरूनही दिसत होतं. डोकं काढायला तो हात मागे नेई, तोल जाईल असं वाटलं की पुन्हा पुढे आणी. शिवणबाई पडद्याच्या कडेला हाताची घडी घालून उभी होती. तीही हलली नाही. कोणीच हललं नाही. स्टुडिओतली अख्खी मंडळी तिथे होती, आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच सगळ्यांना एकदम आठवलं असावं की आपल्यालाही कान आहेत.

दादाने डोळे पुसले आणि काठी घेतली.

"आता तू कुठे निघालास?" मी विचारलं.

"काढायला नको त्याला? आत फार कोंडतं गं. आणि किती अंधार असतो ते मला माहीत आहे."

"दुसरं कोणी काढेल."

"कोण?" असं म्हणून त्याने दार उघडलंसुद्धा.

त्या खोलीतून खाली जायला एक अरुंद, उभा जिना आहे. कंबर मोडल्यापासून दादा जिना उतरतो तो एकेका पायरीवर आधी काठी, मग एक पाय, मग दुसरा पाय ओढून आणत. त्यानंतर अख्ख्या नाट्यगृहाची लांबी, आणि मग रंगमंचाच्या पायऱ्या. बत्तीकाका त्याला हात द्यायला उठले, तर मी त्यांची बाही धरून त्यांना खाली बसवलं.

"सावकाश जा रे, दादा," मी म्हणाले. "काही घाई नाही."

खाली सर्वज्ञ अंधारात थरथरत माझ्या शब्दाची वाट बघत होता. कोणीतरी सोडवायला येतंय, एवढं सांगितलं असतं तरी त्याच्या जिवात जीव आला असता. मी छोटा माइक बंद केला.