इथलं इथेच

पाळकसाहेब बायबल वर्ग घ्यायचे तेव्हा बरं होतं. ते बोलायचे, आम्ही बायका बाकांवर बसून ऐकायचो, मधूनच 'आमेन' म्हटलं की झालं. चौऱ्याऐंशी साली विक्रोळीच्या आमच्या चर्चमध्ये वर्ग घ्यायला चंद्रप्रकाश सर आले आणि त्यांनी बाकं भिंतीला सारून खुर्च्यांचा गोल मांडला. माझ्या नेमक्या समोर सासूबाई आल्या.

"भाषण नाही, गप्पा," सर म्हणाले. "चूक-बरोबर काही नाही. मनमोकळं बोला. इथलं इथेच राहील."

राहतंय डोंबलाचं! इथली सासू माझ्याबरोबरच घरी येणार होती ना.

त्या रविवारी धडा आंधळ्या बार्तीमयाचा होता. तो रस्त्याकडेला बसून येशूला हाका मारतो, लोक त्याला गप्प बस म्हणतात, आणि येशू थांबून विचारतो, तुला काय हवंय? "हाच प्रश्न आज प्रत्येकीला," सर म्हणाले. मालनबाईंना शांती हवी होती. विमलाबाईंनाही शांती. आमच्या वर्गात शांतीला फारच मागणी.

मला शांती नको होती. दुसऱ्या दिवशी जवळच्याच एका कंपनीत टेलिफोन ऑपरेटरची मुलाखत होती, तिथे मला जायचं होतं. नवरा दुबईला, पदरात मूल नाही, आणि दोन खोल्यांत मी दिवसभर सासूबाईंच्या नजरेसमोर. माझी सर्टिफिकेटं त्यांच्या कपाटात, किल्ली त्यांच्या कमरेला. वर चर्चभर सांगत फिरायच्या, "जयंतीलाच नको गं नोकरी."

माझी पाळी आली.

"तिला काय, घरादाराचं आरोग्य," सासूबाईंनीच सांगून टाकलं.

"मावशी, त्यांनाच बोलू द्या ना," सर हसून म्हणाले आणि गप्प बसले. ती त्यांची पद्धत, उत्तर येईपर्यंत थांबायचं. पंखा घरघरत होता. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. पळायला जागाच नव्हती.

"मला उद्या मुलाखतीला जायचंय," मी म्हटलं. "नोकरी मला हवीय. आई नको म्हणतात."

मग मालनबाई म्हणाल्या, "अगं मग जा की!" आणि सासूबाई चक्क हसल्या.

"बघा, कशी मोकळं बोलते माझी सून!"

सरांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, सुटले. इतका आनंद झाला, की शेवटचं गीत मी सगळ्यांच्या वरच्या पट्टीत म्हटलं.

घरी आल्यावर सासूबाईंनी चपला काढल्या, दाराला कडी घातली.

"आई, कपाटाची किल्ली..."

"सर काय म्हणाले? इथलं इथेच राहील. मग ठेव की तिथेच."

सोमवारी मुलाखतीच्या वेळी मी सुकट निवडत होते. समोर त्या बसल्या होत्या.

पुढच्या रविवारी पुन्हा गोल.

"जयंतीबाई, आज तुम्हाला काय हवंय?" सरांनी विचारलं आणि थांबले. समोरून सासूबाई मान डोलावत होत्या, बोल, बोल.

"शांती," मी म्हटलं.

"आमेन," सगळ्या म्हणाल्या.