भिवाजीचा पहारा

दारूच्या भरात भिवाजीने बायकोचा हात मोडला, तेव्हा पाटील बुधाजी खालापूरच्या कचेरीत वर्दी द्यायला निघाले होते. त्यांना आडवी आली ती धोंडूबाईच, मोडका हात गळ्यात बांधून.

"त्याला तुरुंगात घातलात तर भाताचा राब कोन भाजील, पाटील? ह्यो हात?"

पाटील थांबले.

त्या दिवसांत गावात सप्ताह चालू होता. सप्ताहात वीणा सात दिवस भुईला टेकवायची नसते. ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि ज्याचा पहारा असेल त्याने आंघोळ करून, दारूला न शिवता, देवासमोर उभं राहायचं. शेवटच्या संध्याकाळी बुवांचं कीर्तन इतकं रंगलं की बाप्यांचेही डोळे गळू लागले. त्याच भरात बुधाजी उठले आणि देवासमोर बोलून गेले, "भिवाजीला रोज सकाळचा पहारा द्या. एकेचाळीस दिवस तो कोरडा ऱ्हाईपत्तुर वीणा खाली ठेवायची नाय. मधी प्याला तर पुन्हा एकापासनं."

गावाने टाळी वाजवली. कीर्तनात बसलेल्याला काही जड वाटत नाही.

जड वाटलं ते दहाव्या दिवशी. रान भाजायचे दिवस. माणसं राखेने माखलेली घरी येत, आंघोळ करून पहाऱ्याला उभी राहत आणि उभ्या उभ्या डुलक्या घेत. भिवाजीचे हात पहिले चार दिवस इतके कापत की शेजारचा म्हातारा कोंडाजी वीणेच्या भोपळ्याखाली हात धरून त्याच्याबरोबर उभा राही. पुढे कापरं थांबलं. तो चार घास जेवू लागला.

तेविसाव्या दिवशी भिवाजी आलाच नाही. त्याच्या जागी कोंडाजी उभा राहिला. पुढच्या पहाऱ्याचा माणूस रानात अडकला होता, म्हणून तोही पहारा कोंडाजीच्याच गळ्यात पडला. दुपार कलल्यावर भिवाजी खोपोलीच्या वाटेवरच्या गुत्त्यातून आला आणि देवळाच्या पायरीशी बसला. कोंडाजीचे पाय सुजून घोट्यापाशी चकचकत होते. भिवाजीवर ओरडायचं त्राण होतं कुणात?

शेवटी भिवाजीच म्हणाला, "काका, मला कचेरीत द्या. तुमचं पाय बघवत नाय."

"कचेरीपत्तुर चालत जाशील? इथवर आलास त्येच लई झालं."

"मग वीणा द्या."

"वास येतोय रं तुला. आज नाय."

"गाव सोडंल आता मला."

कोंडाजीने वीणेचा पट्टा एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतला. "गाव दमलंय. सोडायचं काय ठरलं नाय अजून. सकाळी आंघोळ करून ये."

दुसऱ्या दिवशी उन्हं देवळात यायच्या आत भिवाजी आला. केसांतून पाणी ठिबकत होतं, हात पुन्हा कापत होते. कोंडाजीने वीणा त्याच्या गळ्यात घातली आणि भोपळ्याखाली हात धरायला गेला.

"बसा तुमी," भिवाजी म्हणाला. "कापत्यात तर कापू द्या."

रात्रभर जागलेल्या बुधाजींनी कसाबसा आवाज काढला, "पैला दिस."

कोंडाजी खांबाला टेकून बसला तो तिथेच झोपला. झोपेत त्याचे पाय देवाकडे झाले. धोंडूबाईने चांगल्या हाताने ते हलकेच दुसरीकडे वळवले, आणि त्याला उठवलं नाही.