गोदामातली प्रदक्षिणा

वीरण्णा अप्पांना शुगरच्या या संशोधनात फायदाच फायदा दिसला. रक्त फुकट तपासणार, तपासणारी माणसं दुकानात येणार, आणि मुख्य म्हणजे डॉक्टरनं उगारलेली इन्सुलिनची सुई सहा महिने लांबणार. अप्पा अहमदपूरच्या मोंढ्यातले, धान्याच्या बाजारातले, जुने आडते. भाव कोसळला तरी पापणी हलायची नाही, पण सुई म्हटलं की हातातला चहा सांडायचा.

शुगरवाल्यांना सहा महिने रोज चालवलं तर किती फरक पडतो, हे बघायला लातूरहून तनुजा मॅडम आल्या. अर्ध्यांनी चालायचं, अर्ध्यांनी आहे तसंच राहायचं. मध्येच कुणी रीत किंवा औषध बदललं तर नाव कमी. कोण कुठं, ते चिठ्ठ्या टाकून. अप्पांची चिठ्ठी ‘तसंच राहा’ची निघाली. चालायची निघाली समोरच्या आडतीवरल्या बजरंगची.

“बसून फायदा!” अप्पांनी घरी बायकोला, जगदेवीला, सांगितलं.

ही खुशी बजरंग पांढरे बूट घालून दुकानावरून जाईपर्यंत टिकली.

“काय अप्पा, बसून राहिलात का? बसा, बसा. औषध आम्हाला दिलंय मॅडमनी. तुम्हाला नुस्तं बघायला ठिवलंय.”

हे झोंबलं. समोरच्याला मिळालेली चीज आपल्याला नको असली तरी सोडायची, अशी मोंढ्यात रीत नाही. पण उघड चालावं तर नाव कमी. मग दुपारी सौदे उरकले की अप्पा गोदामाचं शटर अर्धं ओढून सोयाबीनच्या थप्पीभोवती फिरायला लागले. हमालांना वाटलं, अप्पांनी नवस बोललाय. एकानं तर थप्पीपुढं उदबत्ती लावली. हळूहळू ‘तसंच राहा’वाले बहुतेक सगळेच शटरखालून वाकून आत यायला लागले. वगळलं गेलेलं कुणालाच सोसलं नव्हतं.

सहा महिन्यांनी अप्पांची साखर उतरली. डॉक्टर म्हणाला, “राहू द्या सुई.” तनुजा मॅडम मात्र चक्रावल्या.

“अप्पा, खरं सांगा, तुम्ही काही वेगळं केलं का?”

“न्हाई हो बाई. तुम्ही म्हणलात तसंच. ढिम्म हाललो न्हाई.”

मॅडमनी बिचाऱ्यांनी लिहिलं, दोन्ही गट सारखेच सुधारले, चालण्याचा वेगळा फायदा दिसला नाही. त्याची प्रत सगळ्यांना वाटली. अप्पांनी ती बजरंगच्या दारात मोठ्यानं वाचली.

“बूट वापस कर आता!”

त्या दुपारी अप्पा गादीवरून उठलेच नाहीत. डबा घेऊन आलेल्या जगदेवीनं विचारलं, “आज गोदामात फिरायचं न्हाई व्हय?”

“कशाला? शिकलेल्या बाईनं लिहून दिलंय, उपयोग न्हाई म्हणून.”

“आवो, पण तुम्ही फिरला म्हणूनच तर—”

“तू शानी का मॅडम शानी?”

जन्मभर दुसऱ्याच्या मापावर शंका घेतलेला माणूस स्वतःच मारलेल्या मापावर डोळे झाकून विसंबला.

उन्हाळ्यात सुई आलीच. कुणाचं काय गेलं म्हणाल, तर मॅडमची मेहनत गेली. बजरंगचे बूट माळ्यावर गेले आणि त्याचीही साखर चढली. अप्पांचं म्हणाल, तर त्यांना सुई बघवत नाही. ते रोज सकाळी भिंतीकडं तोंड करून बसतात. जगदेवी टोचते, शिव्या खाते आणि मग त्यांच्यासाठी बिनसाखरेचा चहा ठेवते. चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा तिचं नाव कुणी घातलंही नव्हतं.