चॉकलेटावर जळणारी बरणी

मित्रांनो, मी चिनी मातीची एक जुनी बरणी आहे. खाली पांढरी, वर तपकिरी आणि आतून मत्सरी. पहिल्या दोन गोष्टी कारागिराने केल्या. तिसरी मी स्वतःच्या कष्टाने मिळवली.

माझा जन्म भद्रावतीकडच्या एका भट्टीत झाला. तिथून मी गिरडच्या बाजारात आले. दर्ग्यावर नवस फेडायला आलेल्या बापूजींनी मला टिचकी मारून पाहिली, दुपट्ट्यात गुंडाळली आणि एस.टी.त मांडीवर बसवून आंजीला आणली. घरी त्यांच्या सुनेने, म्हणजे आनंदाबाईंनी, मला धुऊन उन्हात वाळवले आणि माझ्यात जवसाची चटणी भरली. भाजलेले जवस, लाल मिरची, लसूण, मीठ. सगळे खलबत्त्यात कुटलेले. माझा जन्माचा धंदा ठरला.

काम मी चोख केले. वावरात न्यायच्या शिदोरीत माझीच चटणी. भाजी करपली की मी, भाजी झालीच नाही की मीच. पण पाहुणे आले की आनंदाबाईंचा हात माझ्यावरून पुढे जाई आणि स्टीलचा लाडवांचा डबा काढी. डबा बैठकीत, मी फळीवर. मित्रांनो, आपल्याकडे आनंद झाला की गोड वाटतात. पोरगा पास झाला, पेढे. मोटारसायकल घेतली, पेढे. पोरगा नापास झाला आणि मोटारसायकल विकली, तेव्हा घरात मुकाट्याने भाकरी आणि चटणी खातात. दुःखाच्या दिवशी मी, सुखाच्या दिवशी तो डबा. मी त्याच्यावर जळत असे, आणि तो रिकामा झाला की मला बरे वाटे.

मग चॉकलेट आले. आनंदाबाईंची मुलगी अपेक्षा मोबाइलवर बघून ट्रफल नावाचे गोळे करायला शिकली. चॉकलेट वितळवायचे, त्यात साय घालायची, गार करायचे, लाडवासारखे वळायचे आणि कोकोच्या भुकटीत लोळवायचे. इथवर ठीक होते. पण नंतर एकेका गोळ्याला चांदीचा कागद, आणि मुक्काम फ्रिजमध्ये. आमच्या वर्ध्याचा उन्हाळा मी फळीवर उभी राहून काढते. हा गोळा जरा वेळ बाहेर ठेवला तर याला घाम फुटतो. जो वितळतो त्याचे लाड होतात, आणि जी टिकते तिच्यावर धूळ बसते. हे मी रागाने म्हणत नाही. निव्वळ जळून म्हणते.

त्याच सुमारास अपेक्षाची सोयरीक निघाली. मुलगा रोहण्याचा, धीरज. दोघांचे एकमेकांशी जमले होते, दोन्ही घरांना मान्य होते. फक्त तोंड गोड करून पक्के म्हणायचे बाकी होते. आणि तिथेच अडले. पहिल्या भेटीत धीरजची आई सुलोचनाबाई यांनी लाडू ताटलीत तसाच ठेवला. आमच्या भागात न खाल्लेला लाडू बोलतो. ही मंडळी गावाबाहेर पडण्याआधीच साऱ्या आंजीला कळले की नकार आला. आनंदाबाईंनी त्या दिवशी जेवणाचे ताट बाजूला सारले.

धीरजचा फोन आला. "आई नाई म्हणत नाई, अपेक्षा. तिले गोडानं मळमळते. पण बैठकीत दुखणं सांगाची तिले लाज वाटते. अन् प्रभाकरमामा म्हणून राह्यले, तोंड गोड झाल्याबिगर सोयरीक पक्की नाई. रविवारी येतो आम्ही पुन्हा."

अपेक्षाने फोन ठेवला, फ्रिज उघडला, आणि मग मला खाली काढले.

"काऊन वं, बरणी काऊन काढली?" आनंदाबाईंनी विचारले.

"चाकलेटात घालते म्हणलं चटणी."

"लसणाची? पाहुणे चपला हातात घेऊन पळतीन."

"वरून गोड, आतून तिखट. मामाले गोड दिसन, धीरजच्या आईले तिखट लागन."

"अन् दोघायलेबी नाई आवडलं त?"

"त मी इथंच राह्यते, तुह्या हाताखाली."

आनंदाबाईंनी चमचा स्वतःच्या हातात घेतला. मग त्या चटणीतले लसणाचे जाडे तुकडे वेचू लागल्या.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. माझी चटणी बैठकीत जाणार होती, पण चॉकलेटचा कोट घालून. वाहवा झाली तर त्याची होणार, आणि ठसका लागला तर नाव माझे निघणार.

रविवारी मंडळी आली. स्वयंपाकघरातून मला अर्धी बैठक दिसत होती. प्रभाकररावांनी गोळा तोंडात टाकला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले, आणि भाचा मार्गी लागतो म्हणून मामांना गहिवरून आले, असे सगळ्यांनी समजून घेतले. मग सुलोचनाबाईंनी गोळा उचलला. त्यांच्याकडे कोणी पाहत नव्हते. सगळी बैठक पंख्याकडे पाहत होती. त्यांनी चावला. थांबल्या. दुसरा उचलला.

"आतमंधी काय हाय?"

आनंदाबाई पदराशी चाळा करीत म्हणाल्या, "जवसाची चटणी. घरचीच हाय."

"नुसती हाय का?"

मित्रांनो, मला दोन्ही हातांनी धरून बैठकीत नेण्यात आले. सुलोचनाबाईंनी तळहातावर चटणी घेतली आणि मिटक्या मारीत खाल्ली. चांदीच्या कागदातले गोळे बाजूला वितळत होते. मी तिकडे मुद्दाम बघत होते.

प्रभाकरराव घसा साफ करून म्हणाले, "बाई, तोंड गोड करा म्हणलं होतं आपण."

"केलं ना. दोन खाल्ले. आता सून न्याची हाय मले, मिठाईचं दुकान नाई." मग त्या आनंदाबाईंकडे वळल्या. "लग्नात भांडी नाई देली तरी चालते. पण हे बरणी द्याजा."

अशी मी अपेक्षाबरोबर रोहण्याला आले. आता मी बैठकीतच असते, काचेच्या कपाटात. अपेक्षाचे चॉकलेट गावात नावाजले आहे. येणारे जाणारे त्याचेच कौतुक करतात, आणि मी ऐकून घेते. पण जळते मी दुसऱ्याच कोणावर. आंजीला माझ्या जागी प्लास्टिकचा एक डबा ठेवला आहे म्हणे. त्याला वंश नाही, वजन नाही, झाकणही धड बसत नाही. तरी आनंदाबाईंचा हात रोज त्याच्यात जातो.

कधी दुपारी घर निजलेले असते, तेव्हा अपेक्षा कपाट उघडते. माझे झाकण काढते, वाकून वास घेते आणि काही न काढता झाकण पुन्हा लावते. आधी मला वाटले, हिला माझी ओढ आहे. मग कळले. तो वास तिच्या आईच्या हाताचा आहे. मी नुसती सांभाळणारी. याचाही मला थोडा मत्सर वाटतो.

तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी असेल, तर मित्रांनो, तिच्यात ओला चमचा घालू नका आणि झाकण घट्ट लावत जा. चटणीचे काय, ती पुन्हा कुटता येते.