दोन खुर्च्यांचा खोका

औषधाच्या डबीत घडी घालून ठेवलेला तो मुंगीएवढ्या अक्षरांचा कागद असतो ना, जो आपण न वाचताच फेकून देतो, तो आधी कुणीतरी डोळ्यांत तेल घालून वाचलेला असतो. त्या छापखान्यात हे काम मामांचं. सगळा छापखाना त्यांना मामाच म्हणायचा. पण मामा एकटे वाचत नसत. समोर रेडिओबाई बसायच्या. त्या मूळ प्रत मोठ्यांदा वाचायच्या, स्वल्पविराम, कंस, पूर्णविराम, सगळ्यासकट, आणि मामा छापील कागदावर पट्टी सरकवत ऐकायचे. बाईंचा आवाज असा, की खाली यंत्रं धडधडत असली तरी जिन्यात ऐकू यावा. बावीस वर्षं हेच चाललं होतं.

मग मालकांनी तपासणी विभाग नवा करायला घेतला. माणसांचं कामात लक्ष लागलं पाहिजे, म्हणाले. ते काम मिळालं कचेऱ्यांची आतली मांडणी करणाऱ्या मामांच्या सख्ख्या भाचीला. तिचं स्वतःचं पहिलंच मोठं काम. तिने आधी सगळ्यांना एकेक कागद दिला: तुमचं लक्ष कशाने उडतं? बाई सोडून सातही जणांनी लिहिलं, रेडिओचा आवाज. मामांनीसुद्धा. गंमत म्हणून हो! बाईंची चेष्टा केल्याशिवाय ज्या माणसाला चहा गोड लागत नाही, तो दुसरं काय लिहिणार?

पोरीने ते खरं धरलं. जाड कापडाच्या भिंती, पायाखाली गालिचा, डोळ्यांवर न येणारा दिवा, असे आठ खोके केले आणि प्रत्येकात एकेकाला बसवलं. झकास झालं होतं, खोटं कशाला बोला. चित्रं आणि रंग तपासणारे बाकीचे सहा जण तर बेहद्द खूश. मामा मात्र दोन कागद शेजारी ठेवून मुकाट वाचायला लागले आणि पंधरा दिवसांत दोन चुका त्यांच्या नजरेतून सुटल्या. दुसरी तर लहान मुलांच्या तापाच्या औषधातली. दशांशचिन्ह गळून अडीचचे पंचवीस झाले होते. छपाईआधीच्या शेवटच्या फेरीत सापडली म्हणून निभावलं.

"आणखी एक चूक झाली तर तुम्हाला बांधणीत पाठवावं लागेल, मामा," मालक म्हणाले. "तिथे वाचायचं काम नाही."

मामा कात्रीत सापडले. गप्प बसावं तर खुर्ची जाणार, बोलावं तर भाचीचं पहिलंच काम तोंडावर आपटणार. तिने फोनवर विचारलं तेव्हा हा गृहस्थ म्हणाला, "छान आहे. अगदी शांत."

महिन्याने भाची मालकांबरोबर पाहणीला आली आणि मामांच्या खोक्यापाशी थबकली. मामा पट्टी धरून बाईंच्या चालीत पुटपुटत होते.

"मामा, कुणाशी बोलतोयस?"

मग कुठे सगळं बाहेर आलं. भाचीचा चेहरा उतरला. ती वळून मालकांना म्हणाली, "चूक माझी आहे. कागद वाटले, पण एक दिवस इथे बसून पाहिलं नाही."

मामांना ते सोसवेना. ते उठून उभे राहिले. "तिची नाही. मी थट्टेत भलतंच लिहिलं आणि वर महिनाभर तोंड शिवून बसलो. मला खुशाल बांधणीत पाठवा, पण पोरीच्या कामाला नावं ठेवू नका."

मालकांनी भाचीला विचारलं, "दोघांचा खोका होतो का?"

"पहिल्या दोन खोक्यांमधली भिंत काढून आवाज बाहेर जाऊ नये म्हणून दार लावलं, की होतो," ती म्हणाली. मोजायची टेप तिच्या हातात कधीच आली होती.

सोमवारी बाई आपली उशी घेऊन नव्या खोक्यात आल्या. बसल्या, पण कागद काही उचलेनात.

"मला वाटलं, तुम्हालाही खरंच त्रास होत होता," त्या म्हणाल्या. "महिनाभर मी घरीसुद्धा हळू बोलतेय. नवरा डॉक्टरकडे न्यायला निघालाय."

मामांना इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती. "माझा गाढवपणा झाला," ते म्हणाले. "वाचा, बाई. मोठ्यांदा वाचा."

पहिल्या दोन ओळी बाईंनी घसा खाकरत वाचल्या. तिसरीला आवाज सुटला. चौथ्या ओळीत छापील कागदावरचं 'दोनदा' गळलं होतं. मामांनी लाल खूण केली आणि बाई पुढे वाचत राहिल्या.