गोड करून सांगू नकोस

माझी नोकरी म्हणजे दिवसभर लोकांच्या शिव्या खायच्या. पंखे बनवणाऱ्या कंपनीच्या तक्रार विभागात मी फोन घेते. समोरचा तोंडाला येईल ते बोलतो आणि मी म्हणते, "झाल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत." मग त्याचं बोलणं साहेबांना पचेल असं करून लिहायचं. "पंखा डोक्यात पडता पडता वाचला" याचं मी "पंखा थोडा सैल आहे" करते. पगार त्याचाच मिळतो.

त्या दुपारी अर्धी रजा टाकून घरी बसले होते ती धाकट्या भावासाठी. जन्मापासून बहिरा. चांगला घोडा झाला तरी घरात अजून बाळच. कामावरून आला की जेवणाचं ताट बाजूला सारून मोबाइलपुढे हातवारे सुरू. कुठल्या कुठल्या देशांतली बहिरी पोरं एका ग्रुपमध्ये जमली होती. कुठे पूर आला, कुठे वणवा लागला की विचारायची, तिथल्या बहिऱ्यांना कुणी कळवलं? उत्तर बहुतेक वेळा एकच, कुणीच नाही.

"जगाची उठाठेव तुला कुणी सांगितली?" मी वैतागून खुणेने विचारायचे.

"मीही जगातच राहतो," तो हातांनीच सांगायचा. असं उत्तर आलं की माझं डोकं फिरायचं.

पण पोरं चिवट. पाठपुरावा करकरून त्यांनी धोक्याच्या इशाऱ्यांवरच्या एका जागतिक परिषदेत तीन मिनिटं मिळवली. मागणी साधी होती, भोंगा वाजवता तिथे दिवाही लावा. बोलायला निवडलं आमच्या बाळाला. आणि परिषदेने काय कळवावं, तर दुभाषी ज्याने त्याने आपापला आणावा. एवढी मोठी परिषद आणि दुभाषी घरचा. तिथली भाषा मला नोकरीमुळे बोलता येते, त्याला नुसती वाचता येते. म्हणून मी.

"मी म्हणेन तेच म्हण. गोड करून सांगू नकोस," त्याने बजावलं.

"हो रे बाबा," मी हात जोडले.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप मांडला. मोठ्या चौकोनात अध्यक्षबाई, खाली छोट्या छोट्या चौकोनांत ग्रुपची पोरं. आमची पाळी आली आणि बाळाचे हात सुटले.

"आमच्या खोक्यांच्या कारखान्यात पुराचा भोंगा वाजला. सगळे गच्चीवर पळाले. माझी पाठ दाराकडे होती. मुकादमाने कारखान्याचं कुत्रं उचलून वर नेलं. पाणी गुडघ्याला लागलं तेव्हा मला कळलं."

कुत्र्यापाशी माझी जीभ अडली. मालकाच्या कानावर गेलं तर याची नोकरी जाईल. शिवाय एवढ्या मोठ्या लोकांपुढे कुत्र्याचं काय काढायचं? मी म्हटलं, "गडबडीत माझ्याकडे थोडं दुर्लक्ष झालं."

"आमचा जीव कुत्र्याहून स्वस्त आहे का, ते सांगा," तो म्हणाला.

"याबाबत काही सुधारणा झाल्यास आम्ही आभारी राहू," मी म्हणाले.

त्याचे हात थांबले. अरे, वेळ चाललाय, मी खुणावलं. त्याने स्क्रीनच्या तळाकडे बोट दाखवलं. मी बोलत होते तो शब्द न् शब्द तिथे उमटत होता. "आभारी राहू" अजून तसंच होतं. त्याने हात मांडीवर ठेवले ते उचललेच नाहीत.

"फारच प्रेरणादायी," अध्यक्षबाई म्हणाल्या. "यानंतरचे वक्ते..."

मला असा राग आला. एवढी रजा टाकली, आणि हा ऐन वेळी रुसून बसला. मी लॅपटॉप मिटायला हात घातला.

तेवढ्यात खालच्या एका चौकोनातली चष्मेवाली मुलगी उठली आणि खोलीतला दिवा चालूबंद करायला लागली. मग शेजारच्या चौकोनातला मुलगा. मग सगळीच. बहिऱ्याला हाक मारायची तर अशीच मारतात, आम्हीही बाळाला तशीच मारतो. अध्यक्षबाई गोंधळल्या. काही बिघाड झालाय का, म्हणाल्या. चष्मेवालीने कॅमेऱ्यापुढे कागद धरला, "हे त्याचे शब्द नव्हते."

आणखी एक मिनिट मिळालं. बाळाने हात उचलले. लहान पोराला समजवावं तसं, सावकाश.

मी बोलायला लागले. "मुकादमाने कुत्रं वर नेलं आणि मला खाली विसरला." तळाशी अक्षरं आली. त्याने ती वाचली, मान हलवली आणि पुढची खूण केली. हे नको, मी खुणावलं. तो थांबून राहिला.

"मघाशी माझी ताई मला विसरली," मी म्हणाले. "मी तिच्या शेजारीच बसलो होतो."

अध्यक्षबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "झाल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

बाळाने ते वाचलं आणि माझ्याकडे वळला. "तूही कामावर हेच म्हणतेस ना? असं म्हटल्यावर पुढे काय करता?"

या वेळी मी गोड केलं नाही. "पुढचा फोन घेतो," मी हातांनी सांगितलं.

अध्यक्षबाईंनी पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं. मी उठले, भिंतीपाशी गेले आणि स्वयंपाकघरातला दिवा चालूबंद करायला लागले.