वायरलेसवरचा निरोप

मंदाकिनी रिसबूड ज्या खोलीत काम करीत होती, तिला विमानतळावर सगळे जण 'कंट्रोल' म्हणत. विमानांशी बोलणारा मनोरा वेगळा होता आणि त्याच्याशी तिचा संबंध एका लाल फोनपुरताच होता. तिच्या खोलीचे काम जमिनीवरचे. कोणा प्रवाशाच्या छातीत दुखू लागले, कुठे धूर दिसला, सांडलेल्या तेलावरून कोणी घसरले, की पहिला निरोप तिच्याकडे येई आणि तिथून तो डॉक्टर, बंब, रुग्णवाहिका, वायरमन असा ज्याचा त्याला जाई. मोबाइल फोन तेव्हा बड्या साहेबांच्या कमरेलाच दिसत. बाकीच्यांच्या खांद्याला वायरलेसचा संच असे आणि त्या सगळ्या संचांतले आवाज मंदाकिनीच्या टेबलावर एकत्र होत.

या आवाजांतली पुष्कळ माणसे तिने कधी पाहिलीही नव्हती. कर्वेनगरहून निघून शहर ओलांडून ती कामावर येई, जिना चढून खोलीत शिरे आणि पाळी संपली की त्याच जिन्याने उतरून घरी जाई. वायरमन मच्छिंद्र खांदवे हा असाच एक आवाज होता. विमानतळाला लागून असलेल्या गावातला, सावकाश बोलणारा, आणि प्रत्येक वेळी आधी "मॅडम" म्हणून घसा साफ करणारा. आवाजावरून तो पन्नाशीचा, अंगाने भरलेला असावा, असे तिने मनाशी ठरवून टाकले होते.

प्रशिक्षणात तिला शिकवले होते, की वायरलेसवर थोडे बोलावे, ऐकलेले वाक्य परत म्हणून दाखवावे, आणि समोरच्याने होकार दिल्याशिवाय पुढे जाऊ नये. तिला हे मनापासून पटलेले होते. घरात, रस्त्यात माणसे हवे तसे बोलतात; वायरलेसवर एका शब्दाचा एकच अर्थ असला पाहिजे, असे ती नव्या मुलींना सांगत असे.

मे महिन्यातल्या त्या दुपारी बाहेरची वीज गेलेली होती आणि विमानतळ जनरेटरवर चालला होता. मंदाकिनीच्या मागच्या टेबलावर पाळीचे प्रमुख श्यामसुंदर मुजुमदार बसले होते. त्यांचे सारे आयुष्य कसबा पेठेत गेले होते आणि निवृत्ती जवळ आली होती.

"पंखा फिरतोय का हो, रिसबूडबाई?" त्यांनी विचारले.

"फिरतोय की."

"बरं झालं सांगितलंत. वाऱ्यावरून कळत नव्हतं."

तेवढ्यात वायरलेस खरखरला. मच्छिंद्राचा जोडीदार संपत बोलत होता. "कंट्रोल, कंट्रोल! जनरेटरच्या खोलीत खालनं धूर येतोय."

"खालून म्हणजे केबलच्या तळघरातून?"

"हां, तळघरातनंच. काळा धूर हाय."

"जाळ दिसतो का?"

"जाळ न्हाई दिसत. वास लई मारतोय."

"तळघरातून काळा धूर, जाळ नाही. बरोबर? तुम्ही दोघंही बाहेर या. संपत, तुम्ही फाटकाशी जाऊन थांबा आणि बंबाला वाट दाखवा."

तिने घंटा दाबली. अग्निशमन अधिकारी श्रीनिवास होनप यांना तिने चार वाक्यांत सगळे सांगितले आणि त्यांनी ते तिला परत म्हणून दाखवले. लगेच खिडकीखालून बंब गेल्याचा आवाज आला. मग घसा साफ केल्याचा ओळखीचा आवाज कानावर पडला.

"मॅडम, मच्छिंद्र बोलतोय. वरचा स्विच पाडलाय. येतो."

"या," मंदाकिनी म्हणाली.

तो बोलत असतानाच खोलीतले दिवे गेले होते आणि पंखा मंदावत थांबत होता. वायरलेस बॅटरीवर चालू राहिला. स्विच पाडल्याचा पुरावाच मिळाल्यासारखे तिला वाटले आणि ती पुढच्या फोनाकडे वळली. प्रवाशांच्या दालनातून विचारणा सुरू झाली होती. दिवे कधी येणार, ध्वनिक्षेपक का बंद पडला, एका म्हाताऱ्या बाईंना गुदमरल्यासारखे होते आहे, डॉक्टर पाठवा.

जनरेटरची इमारत विमानतळाच्या एका टोकाला होती. तिच्या तळघरात विजेच्या जाड केबली होत्या. तिथे आग लागली तर पाणी मारता येत नसे, म्हणून इमारतीबाहेर गॅसच्या टाक्या बसवलेल्या होत्या. दारे बंद करून बाहेरचा दांडा ओढला, की तळघर गॅसने भरून जाई आणि आगीला हवा मिळेनाशी होई. आत माणूस असेल तर त्यालाही मिळत नसे. म्हणून आत कोणी उरलेले नाही, हे कंट्रोलने सांगितल्याशिवाय तो दांडा ओढायचा नाही, असा सक्त नियम होता.

"कंट्रोल, होनप. धूर वाढलाय. आत कोण आहे?"

"कोणी नाही. संपत तुमच्याबरोबर आहे ना?"

"आहे. खांदवे कुठे दिसत नाही."

"ते बाहेर येतायत. मागच्या दाराने निघाले असतील. ते दार तुमच्या बाजूला नाही."

"नक्की?"

"त्यांच्या तोंडून ऐकलंय. स्विच पाडला, येतो, म्हणाले."

"ठीक. दारं लावून घेतो आणि गॅस सोडतो."

मंदाकिनीने मच्छिंद्राला एकदा हाक दिली. उत्तर आले नाही. चालताना माणूस वायरलेस कानाशी धरत नाही, हे तिला अनुभवाने माहीत होते. तरी दुसऱ्यांदा हाक द्यावी म्हणून तिने हात पुढे केला, तेवढ्यात दार उघडून मथुराबाईंनी आत डोकावले. त्या या मजल्याची झाडलोट करीत. त्यांची पाळी संपली होती, हातात पिशवी होती, आणि जनरेटरकडे काय चालले आहे याची त्यांना गंधवार्ताही नव्हती.

"येते हं, बाई."

"या," मंदाकिनी म्हणाली.

मथुराबाई गेल्या. दार आपोआप लागले आणि त्यांच्या चपलांचा आवाज जिन्यावरून खाली उतरत गेला. मंदाकिनी त्या लागलेल्या दाराकडे पाहत राहिली. मथुराबाईंना आपण 'या' म्हणालो, आणि त्या गेल्या. तसे व्हावे म्हणूनच आपण तसे म्हणालो. घरातून निघताना आपणही रोज 'येते' म्हणतो आणि आतून 'ये' असे उत्तर आले, की चपला घालून चालू लागतो. 'जातो' हा शब्द उंबरठ्यावर कोण उच्चारील?

आणि मच्छिंद्र खांदवे म्हणाला होता, "वरचा स्विच पाडलाय." वरचा. म्हणजे खाली तळघरात आणखी एक होता.

 तिचे बोट बटणावर पडले.

"होनप, थांबा! गॅस सोडू नका! खांदवे आत आहेत. तळघरात!"

"काय? आत्ता तर बाहेर म्हणालात!"

"माझी चूक झाली. आत आहेत. खालचा स्विच पाडायला उतरलेत. दांडा ओढू नका. परत म्हणा."

किंचित थांबून होनपांचा आवाज आला. "दांडा ओढत नाही. खांदवे तळघरात. मुखवटे घालून दोन माणसं आत पाठवतोय."

मुजुमदार खुर्चीवरून उठून तिच्याजवळ आले होते. "कशावरून म्हणता? त्याचा काही निरोप आला?"

"नाही. मथुराबाई आत्ता 'येते' म्हणाल्या."

"बरं, मग?"

"आणि गेल्या."

मुजुमदारांनी दाराकडे पाहिले, मग तिच्याकडे. पुण्याच्या माणसाला याहून अधिक समजावून सांगण्याची गरज नव्हती. त्यांचा चेहरा उतरला.  वाजू लागलेला दुसरा फोन त्यांनी स्वतः उचलला आणि प्रवाशांच्या दालनाला, बाई, तुमचे दिवे येतील, जरा धीर धरा, असे कधी नव्हे ते गोड आवाजात सांगितले.

मंदाकिनी वाट पाहत बसली. तिच्या कामात वाट पाहणे नवे नव्हते. पण आजवर तिने दुसऱ्यांच्या चुकांनी झालेल्या अपघातांत वाट पाहिली होती. आज जे घडायचे होते ते तिच्या एका शब्दाने घडणार होते. ऐकलेले वाक्य तिने परत म्हणून दाखवले नव्हते. "वरचा स्विच पाडला, आता तुम्ही बाहेर येताय, बरोबर?" एवढे विचारायला कितीसा वेळ लागला असता! "न्हाई मॅडम, खाली चाललोय," तो म्हणाला असता. ओळखीचा आवाज आणि ओळखीचा शब्द ऐकून तिने घरात देतात तसे उत्तर दिले होते.

वायरलेसमधून नुसती खरखर येत होती. मधेच कोणी खोकले. कोणीतरी ओरडून काही म्हणाले, ते कळले नाही. तिने टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.

"कंट्रोल, होनप."

"बोला."

"सापडला. पायऱ्यांच्या तळाशी बसला होता. बाहेर आणलाय. शुद्धीवर आहे."

"शुद्धीवर आहे," मंदाकिनीने परत म्हटले.  "आणखी काय? भाजलंय का?"

"भाजलेलं नाही. धूर गेलाय छातीत. शिव्या देतोय."

"कोणाला?"

"मला. नाकावर मुखवटा घट्ट बसवला म्हणून. खालचा स्विच मात्र पाडून आलाय पठ्ठ्या." होनपांनी दम घेतला. "आता सांगा. सोडू गॅस, की अजून कोणी निघतंय तुमच्या यादीतून?"

"मला विचारू नका. तुमच्या डोळ्यांनी माणसं मोजा आणि मला सांगा."

त्यांनी माणसे मोजली, नावे घेतली, तिने ती परत म्हटली, आणि मगच दांडा ओढला गेला. इशाऱ्याची घंटा एवढी मोठी होती, की वायरलेसशिवायही ती खिडकीतून ऐकू आली. थोड्या वेळाने धूर विरला.

"रिसबूडबाई," मुजुमदार म्हणाले, "उद्या मला एक परिपत्रक काढावं लागणार. कामाच्या वेळेत कर्मचाऱ्यांनी एकमेकांचा निरोप घेऊ नये."

ती हसू लागली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. मुजुमदारांनी पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला आणि ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

"साहेब, चूक माझी आहे. मी ती लिहून देईन. त्यांना समोर जाऊन सांगितल्याशिवाय मात्र मला बरं वाटणार नाही."

"मग बसलात काय? जा. इथे मी आहे. तोवर विमानतळ जळालाच, तर माझ्या पेन्शनीतून कापून घेतील."

प्रथमोपचाराच्या खोलीत खाटेवर एक तिशीतला, किडकिडीत माणूस उघड्या अंगाने बसला होता. नाकाखाली आणि भुवयांवर काजळी होती. त्याने तिच्याकडे पाहिले आणि ओळख न पटल्यामुळे अंगावर चादर ओढून घेतली.

"खांदवे?" मंदाकिनीने विचारले.

त्याने घसा साफ केला. "मॅडम? कंट्रोलच्या मॅडम का तुमी? आवाजावरनं वळखलं. मला वाटलं, चांगल्या उंच असाल."

"मला वाटलं, तुम्ही पन्नाशीचे असाल."

"आमच्या घरातबी तसंच म्हनत्यात," तो म्हणाला आणि खोकू लागला. खोकला थांबेपर्यंत ती उभी राहिली. मग तिने सगळे सांगितले. तुम्ही बाहेर येताय असे मी समजले, होनपांना तसेच सांगितले, गॅस सुटणार होता, आणि मथुराबाई निरोप घ्यायला आल्या नसत्या तर सुटलाही असता. यातले काही तिने गाळले नाही.

मच्छिंद्राने चादरीच्या टोकाने नाकाखालची काजळी पुसली.

"तुमी 'या' म्हनालात की," तो म्हणाला. "म्हटलं, मॅडमनी सांगितलं, आता उतरायला हरकत न्हाई."

"म्हणाले खरी. दोघंही बाहेर या, असं त्याआधी संपतला सांगितलं होतं. तुम्हाला ऐकू आलं नाही?"

"तवा जनरेटर चालू हुता, त्या घरघरीत कुठलं यायला? मीबी सांगायला पायजे हुतं, कुठं चाललोय ते." तो थांबला. "पर मॅडम, आगीत उतरताना 'जातो' म्हनायचं का मानसानं? आमच्या म्हातारीनं ऐकलं तर जेवायला घालनार न्हाई."

"तुम्ही 'आत' म्हणायचं आणि 'बाहेर' म्हणायचं. बाकी काही नाही. मी ते परत म्हणेन, आणि तुम्ही 'बरोबर' म्हणाल. आजपासून."

"आत, भाईर," तो म्हणाला. "बरोबर."

मग त्याला एकदम काहीतरी आठवले. त्याने चादर बाजूला केली आणि डॉक्टरीणबाईंच्या टेबलाकडे बोट दाखवले. तिथे निळ्या कापडाचा, उभा कापलेला एक सदरा पडला होता.

"ते बघा. कात्रीनं कापला! बटनं हुती की त्याला. मी काय बेशुद्ध पडलो हुतो? म्हनलो असतो की, बाई, थांबा, काढून देतो. आठ दिस न्हाई झालं, माझ्या बायकूनं, मैनानं लक्ष्मी रोडवरनं आनलाय. आता घरी गेल्यावर ती आधी सदऱ्याचं इचारनार, मग माझं. धूर-बिर काय ऐकून घेनार न्हाई ती. मॅडम, तुमी सांगाल का तिला फोनवर?"

"सांगेन," मंदाकिनी म्हणाली आणि खाटेजवळच्या स्टुलावर बसली.  मच्छिंद्राने सदऱ्याच्या कापडाची जात सांगितली, शिलाई सांगितली, दुकानदाराशी मैनाने केलेली घासाघीस सांगितली, मधे खोकून पुन्हा सुरुवात केली. वर खोलीत परतायला हवे, हे तिला कळत होते. पण ती तशीच बसून त्याचे सगळे ऐकत राहिली.